चिमणीचे मोल

रविवारच्या मिस्सात आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना आपण डॉक्टरांचे स्मरण करतो, परिचारिकांचेही करतो. परंतु ज्या मुक्या जिवावर औषधाची पहिली कसोटी झाली, त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही.

आपल्या रायगड जिल्ह्यातच, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राची ‘अॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. उंदरांसारख्या लहान प्राण्यांच्या शरीराची चित्रे घेण्याची सोय तेथे आहे. क्ष-किरणांचे सीटी स्कॅन शरीराची घडण दाखवते. पेट या आण्विक पद्धतीत किरणोत्सारी द्रव्य अत्यल्प प्रमाणात टोचून पेशींचे कार्य टिपले जाते. पुष्कळ कर्कपेशी साखरेच्या हावरट असतात. म्हणून फ्लोरिन-18 जोडलेली शर्करा त्यांच्यात साचते आणि तेथून किरण बाहेर पडतात. सुमारे 110 मिनिटांत फ्लोरिनची ही किरणोत्सारिता निम्मी होते. सीटीचे चित्र म्हणजे वाडीतील घरांचा नकाशा, तर पेटचे चित्र म्हणजे रात्रीच्या अंधारात पेटलेली चूल. दोन्ही एकमेकांवर ठेवली, की कोणत्या घरात चूल पेटली आहे ते नेमके समजते.

याचा एक नैतिक लाभही आहे. गाठ पाचव्या, दहाव्या, विसाव्या दिवशी कशी वाढते हे पाहण्यासाठी पूर्वी दर खेपेस काही उंदीर मारावे लागत. आता तोच उंदीर पुन्हा पुन्हा तपासता येतो. प्राण्यांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या घटवावी, यातना सौम्य कराव्यात, ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च यांनी 1959 साली मांडली. तिच्यातील दुसरे सूत्र येथे साधते.

पण तिसऱ्याचे काय? वाचलेल्यांच्या वाट्याची सुई, भूल आणि किरण आता एकाच जिवाला वारंवार सोसावे लागतात. त्यातच त्याची गाठ वाढत असते. संख्या घटली म्हणून दुःख घटले, असे म्हणता येईल काय?

माणसाचे प्राण वाचविण्यास साहाय्यक असलेले प्राण्यांवरील प्रयोग वाजवी मर्यादेत ख्रिस्तसभा मान्य करते. मात्र प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे 1992 चा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात त्याचे पुन्हा स्मरण करून दिले. प्रभू येशूने चिमण्यांविषयी काढलेल्या उद्गारांतही दोन्ही बाजू आहेत: माणूस पुष्कळ चिमण्यांहून मोलाचा आहे, तरीही देवाला एकाही चिमणीचा विसर पडत नाही. आपण पहिली बाजू पाठ केली आणि दुसरी विसरलो.

म्हणून विवेकाची कसोटी केवळ आकड्यांत नाही. पुढचे चित्र खरोखर हवे आहे का, हे दर वेळी विचारावे लागेल. वेदना मर्यादेबाहेर गेल्यास शेवटच्या चित्रावर पाणी सोडूनही प्रयोग थांबवावा लागेल. आणि त्या ज्ञानाने बरे होणाऱ्या आपण सर्वांनी निदान कृतज्ञ तरी असावे. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना त्या मुक्या जिवांसाठीही क्षणभर थांबलो, तर माणसाचे मोल उणे होणार नाही.