हाकाच्या रांगेत उभं राहताना

मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्च शहरात दोन मशिदींवर झालेल्या गोळीबारात ५१ जणांचा जीव गेला. पुढच्या काही दिवसांत शाळकरी मुलं गणवेशातच जमली आणि त्यांनी न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरींचा हाका केला. मांड्यांवर थापा, जमिनीवर आपटणारे पाय, विस्फारलेले डोळे, घसा फुटेपर्यंत घोष. त्यांतली कितीतरी मुलं माओरी नव्हती. गेलेले लोक मुसलमान, बरेचसे दुसऱ्या देशांतून येऊन तिथे रुजलेले.

रग्बीच्या मैदानामुळे जगाला हाका युद्धनृत्य म्हणूनच ठाऊक आहे. माओरी समाजात तो पाहुण्याच्या स्वागताला होतो, लग्नात होतो आणि मयतालाही होतो. दुःखात माणसानं सावरून, गप्प राहावं अशी अपेक्षा तिथे नसते. एकाचं दुःख सगळ्यांनी अंगावर घ्यायचं असतं.

सगळ्यांत गाजलेला ‘का माते’ तर जीव वाचल्याच्या आनंदातून आलेला. १८२०च्या सुमारास न्गाती तोआ जमातीचा नायक ते राउपाराहा शत्रूपासून पळत असताना दुसऱ्या जमातीच्या माणसांनी त्याला रताळ्यांच्या खड्ड्यात लपवलं, असं परंपरा सांगते. आज ज्याच्या भरवशावर प्रतिस्पर्ध्याला दरडावलं जातं, त्याच्या मुळाशी परक्यांनी दिलेला आसरा आहे!

पण रांगेत उभं राहिलं की एकी आपोआप होत नाही. ऑकलंड विद्यापीठातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी गवताचे घागरे घालून, अंगावर अश्लील शब्द रंगवून नकली हाका करत. विनंत्या, निषेध सगळं वाया गेलं. १ मे १९७९ला माओरी तरुणांचा एक गट थेट त्यांच्या तालमीत शिरला आणि हाणामारी झाली. शिक्षा तरुणांना झाली, ते योग्यच म्हणावं लागेल. मात्र तो तमाशा त्यानंतरच बंद पडला, ही गोष्ट शिष्टाईवर विश्वास असणाऱ्यांना टोचायला हवी.

न्यूझीलंडच्या ऑल ब्लॅक्स या रग्बी संघाचा हाकाही एके काळी ओढूनताणून केलेला असे. करायचा तर नीट शिकून, नाहीतर नकोच, असा आग्रह बक शेल्फर्ड या माओरी खेळाडूने धरला. १९८७च्या विश्वचषकात घरच्या मैदानावर दिसलेला हाका सरावातून आलेला होता, आणि त्यात गोरे खेळाडूही मनापासून होते.

ही एकी सगळ्यांना गोड लागतेच असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये माओरी आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या वायतांगी कराराच्या तत्त्वांची नव्याने व्याख्या करू पाहणाऱ्या विधेयकावर मतदान चालू असताना २२ वर्षांच्या खासदार हाना-राफिती माइपी-क्लार्क यांनी त्याची प्रत फाडली आणि ‘का माते’ सुरू केला. प्रेक्षक-सज्जातूनही साथ आली. सभापतींनी कामकाज थांबवलं. एप्रिल २०२५ मध्ये विधेयक ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळलं गेलं. निलंबनं जूनमध्ये झाली: हाका सुरू करणाऱ्या तरुणीला सात दिवस, तिला साथ देणाऱ्या तिच्या पक्षाच्या दोन्ही सहनेत्यांना एकवीस.