उंबऱ्याबाहेरचे घर

गिरगावातील ज्या चाळीत माझे बालपण गेले, तेथे आमच्या वाट्याला दहा बाय बाराची एक खोली आली होती; आणि तीत सात माणसे मावत कशी, असे आज कोणी विचारले, तर ती मावत नव्हती, हेच प्रामाणिक उत्तर देता येईल. पहाटे स्टोव्हचा फरफराट सुरू झाला की त्या खोलीचे स्वयंपाकघर होई आणि वडील कचेरीस निघून गेले की माजघर. परंतु दुपारी सुपे घेऊन शेजारणी जमत त्या गॅलरीत, आजोबांचे वर्तमानपत्र गॅलरीत, आमचे पाढे गॅलरीत, कुरडयांचे वाळवण आणि डालड्याच्या डब्यातील तुळसही गॅलरीतच. आणि रात्री गाद्या अंथरता अंथरता आतली जमीन संपली, म्हणजे काका आणि आम्ही मुले वळकट्या काखोटीस मारून पुन्हा तेथेच जात असू. पावसाळ्यात ही वहिवाट बंद पडे, आणि मग पोटमाळ्यावर, लोणच्याच्या बरण्या आणि जुन्या ट्रंका यांच्या मधल्या सांदीत माझी रवानगी होई. आमचे निम्मे घर उंबऱ्याच्या बाहेर होते. भाडेपावतीवर त्याची नोंद नव्हती, इतकेच.

शहरातील लहान आणि निसर्गावर भार न टाकणाऱ्या घरांविषयी हल्ली जी चर्चा चालते, तीत भिंतीत मिटणारे पलंग, जिन्याखालची कपाटे, गच्चीवरचे सौर बंब यांचे वर्णन मोठ्या हौसेने केलेले असते, आणि त्यांतील एकही वस्तू त्याज्य नाही. परंतु ही सारी खटपट उंबऱ्याच्या आत चालते, आणि माझ्या मते लहान घर राहण्याजोगे होते की नाही, याचा निकाल उंबऱ्याच्या बाहेर लागतो.

चाळीचे पोवाडे मला गायचे नाहीत; ते गाणारे बहुधा चाळ सोडून गेलेले असतात, आणि त्यांत मीही मोडतो. मजल्याच्या टोकाशी असलेल्या सामायिक संडासाबाहेर टमरेल घेऊन ताटकळण्याची आणि मोरीत आंघोळ करण्यापूर्वी पुरुष मंडळी बाहेर पडण्याची वाट पाहत बसण्याची किंमत आमच्या आईने आणि तिच्या पिढीतील सुनांनी मोजली. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी.डी.डी. चाळींतील रहिवाशांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे, स्वतःच्या न्हाणीघराचे घर द्यावयाचे ठरले, ते सर्वस्वी वाजवी आहे. माझी कैफियत निराळी आहे.

नव्या इमारतीत मधोमध एक बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांस घरे, अशी मांडणी सर्रास आढळते, कारण एकाच जिन्यावर आणि लिफ्टवर तीत दुप्पट दारे बसतात. चाळीतील खोलीचे दार गॅलरीकडे उघडे आणि समोरच्या भिंतीत खिडकी असे, म्हणून वारा आरपार जाई. गॅलरीचे छप्पर ऊन आणि तिरपा पाऊस भिंतीपर्यंत येऊ देत नसे. बोळातील घराचे दार उघडले तर वारा येत नाही, शेजारच्या फोडणीचा ठसका तेवढा येतो. मग दार मिटते, पंखा पुरेनासा होतो, हवा थंड करणारे यंत्र येते, त्याचा उष्मा समोरच्याच्या खिडकीवर जातो, आणि बोळात भर दुपारी दिवे जळत राहतात. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडातील पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये तर जेमतेम ३ मीटरचे अंतर आहे. तेथे खालच्या मजल्यांवर सूर्यप्रकाश पोहोचत नाही, आणि क्षयाचे रुग्ण त्याच मजल्यांवर अधिक सापडले.

या दुखण्याचे मूळ काही अंशी मोजणीत आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या करताना बाहेरच्या भिंती, सज्जा आणि खुली गच्ची त्यातून वगळली, आणि जिन्यालॉबीचा हिस्सा गिऱ्हाइकाच्या माथी मारून क्षेत्रफळ फुगवणाऱ्यांना चाप बसला, हे उचितच झाले. परंतु गिऱ्हाईक आता चटईक्षेत्राचाच भाव विचारू लागले असल्यामुळे, बांधणाऱ्याची कात्री प्रथम त्या न मोजलेल्या जागेवर चालते.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूर येथे १९८० नंतरच्या दशकात जी वसाहत उभी केली, तीत त्यांनी आरंभच या बाहेरच्या जागेपासून केला. सात घरांच्या मध्ये सुमारे ८ मीटर लांबीरुंदीचे एक अंगण. असे तीन गट मिळून २१ घरांना १२ मीटरचे मोठे अंगण. आणि भूखंड अवघे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. कोणत्याही दोन घरांत सामायिक भिंत ठेवली नाही, ती अशासाठी की हाती पैसा येईल तसतसे ज्याने त्याने, शेजाऱ्याची परवानगी न मागता आणि साध्या गवंड्याच्या मदतीने, आपले घर वाढवावे. आज तेथे बऱ्याच ठिकाणी मूळची उतरती छपरे जाऊन काँक्रीटचे मजले चढले आहेत. ते माझ्या डोळ्यांस खुपले खरे. पण वाढण्याची मुभा आराखड्यातच होती, तेव्हा खुपणे हा माझ्या डोळ्यांचा दोष.

गिरगावात जमिनीचा भाव पाहता बेलापूरची नक्कल शक्य नाही, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. परंतु अंगण उचलून मजल्यावर नेता येते. चाळीने दुसरे काय केले होते? प्रत्येक मजल्यावर सहा-आठ घरांस मिळून एक उघडी, कठड्याची, बाजेएवढी तरी रुंद गॅलरी असावी, तिची गणना बांधकाम-क्षेत्रात न करता उलट तिच्याबद्दल बांधणाऱ्यास सवलत द्यावी, आणि पुढे कोणी ती काचा लावून गिळंकृत करू नये असा बंदोबस्त मंजुरीच्या नकाशातच करावा. संडास आणि न्हाणी ज्याची त्याच्या घरात. वारा, ऊन आणि शेजार तेवढा सामायिक.

आमच्या चाळीतल्या एक काकू आता मधल्या बोळाच्या अशाच एका मनोऱ्यात चौदाव्या मजल्यावर राहतात. घर ऐसपैस आहे, मोरीच्या जागी पांढऱ्या फरशीचे न्हाणीघर आहे, आणि त्यात त्या खरोखर सुखी आहेत. दुपारी चारच्या सुमारास मात्र त्या एक घडीची खुर्ची काढून लिफ्टसमोर मांडतात आणि तांदूळ निवडायला बसतात. बोळात कोणतीही वस्तू ठेवू नये, अशी सोसायटीची नोटीस त्यांच्या दारासमोरच लागली आहे. आगीच्या भयाने ती लावली, तेव्हा तिलाही नावे ठेवता येत नाहीत. लिफ्टचा आवाज आला की काकू मांडीवरची परात सावरतात, चौकीदार असेल तर खुर्ची मिटून आत घेतात, आणि दुसरे कोणी असेल तर विचारतात, "काय हो, आज लवकर सुटलात?"