चालती भिंत

रद्दी विकणं हे पाप आहे का? शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण कॉलेजच्या ग्रंथालयातले नियतकालिकांचे बांधीव खंड काढून टाकण्याच्या ठरावावर समितीचा सभासद म्हणून माझी सही आहे. तेव्हा मला तो सोडवणं भाग आहे.

"सर, सगळं ऑनलाइन आहे," असं तेव्हा सांगण्यात आलं. होतंही. परवा माझाच एक जुना लेख वाचावा म्हणून गेलो (दुसरं कोण वाचणार?), तर पडद्यावर 'आपणास प्रवेश नाही'!

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मासिक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं सर, आणि आपली वर्गणीही बंद झाली."

"अहो, पण जुन्या अंकांचे पैसे भरले होते ना?"

"वाचायचे भरले होते. ठेवायचे नाहीत. कायमचा हक्क करारात लिहून घ्यावा लागतो."

दूध बंद केलं म्हणून गवळ्यानं गेल्या वर्षी प्यालेलं दूध परत मागावं, तसला हा प्रकार!

बाईंनी मग मला जेस्टॉर समजावलं. ग्रंथालयांची कपाटं मोकळी व्हावीत म्हणून १९९५ साली निघालेला हा जुन्या अंकांचा संग्रह. ताजे, बहुधा तीन ते पाच वर्षांचे अंक भिंतीपलीकडे. दरवर्षी भिंत एक वर्ष पुढे सरकते आणि आणखी एक वर्ष वाचकांना मिळतं. पण त्यालाही सहसा ग्रंथालयाची वर्गणी लागते. भिंत चालते म्हटल्यावर मी हात जोडले. मात्र ज्ञानेश्वरांनी वर्गणी मागितली नव्हती. चांगदेवांसारखा मी कोराच राहिलो.

स्टॅनफर्ड विद्यापीठानं म्हणे यावर तोड काढली आहे. अनेक ग्रंथालयांनी आपापल्या प्रती जपायच्या, एकमेकींशी ताडून पाहायच्या आणि एक बिघडली तर दुसरीवरून दुरुस्त करायची. आमची आजी लोणचं तीन बरण्यांत भरायची, ते याच तत्त्वावर. तिनं फक्त त्याला नाव दिलं नव्हतं.

तेव्हा माझा निकाल असा : रद्दी विकणं पाप नव्हे. 'कुणीतरी जपेलच' म्हणून विकणं, हे पाप. खंडांबरोबर आम्ही जपायची जबाबदारीही किलोच्या भावानं विकली.

घरी आलो. हिनं माळ्यावरची ट्रंक काढली. तीनदा मी ती फेकायला सांगितली होती. तळाशी माझ्या लेखाची छापील प्रत निघाली. शेवटचं पान, म्हणजे निष्कर्ष, कसरीनं खाल्लं होतं.

पण उरलेलं वाचू देताना कसरीनं करार मागितला नाही.