विटेवरचा देव आणि घरातील सेवा



आषाढी-कार्तिकीस आपल्या निपाणी-बेळगाव भागातून वारकरी पंढरीची वाट धरतात. तेथे पांडुरंग विटेवर उभा का आहे? पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गढलेला असता भगवंत दारी आले. त्याने हातचे काम सोडले नाही. वीट पुढे सारली व थांबण्याची विनंती केली. देवाने त्यात अपमान मानला नाही. ज्या सेवेसाठी प्रत्यक्ष देव तिष्ठत राहिला, ती पूजेहून उणी कशी म्हणावी?

परंतु तीच सेवा आज घराघरांत चालते, तिची आपण गणनाच करीत नाही. अंथरुणास खिळलेल्या मुलास उचलणे, स्नान घालणे, घास भरविणे, रात्री कुशीवर वळविणे हे बहुधा एकटी माता करते. मुलाचे वजन वाढते, तिचे बळ घटते.

आमच्या घरीही असेच घडले. माझी आत्या जन्मतःच चालू शकत नव्हती. आजोबा पुजारी. "देवाने दिलेले आपण सांभाळू, सरकारपुढे हात पसरणार नाही," असे ते म्हणत. शब्द थोर होते. पण त्यांचा भार आजीच्या पाठीने वाहिला. आणि आत्याला स्वतःला काय हवे, हे कोणी विचारलेच नाही.

भक्तहो, भिक्षा वेगळी आणि हक्क वेगळा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला व 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. समाजात राहून जगण्यास लागणारे साहाय्य मिळावे, हे त्याने मान्य केले. 40 टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित असलेल्यास विशेष आधाराची गरज असल्यास तशी मागणी करता येते. अशांची काळजी घेणाऱ्यासाठी भत्त्याची तरतूदही या कायद्यात आहे. पेन्शन ही त्या व्यक्तीच्या निर्वाहासाठी. हा भत्ता मदतीच्या हातासाठी. दोहोंची गल्लत करू नये.

कर्नाटक सरकारने 2024 च्या अंदाजपत्रकात स्नायूंचा क्षय होणाऱ्या व तशा काही दुर्धर व्याधींच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांस दरमहा 1000 रुपये जाहीर केले. आपल्या माणसास काय लागू पडते, याची चौकशी नाडकचेरीत किंवा ग्रामपंचायतीच्या पुनर्वसन कार्यकर्त्याकडे करावी. अर्ज कानडीत आहे म्हणून मागे सरू नये. वाचून देणारा शेजारी शोधावा. कागलकडील सोयऱ्यांना मिळते ते महाराष्ट्राच्या योजनेतून. आपण राहतो त्या राज्याचे नियम पाहावेत.

ही रक्कम तुटपुंजी आहे, हे खरे. स्वीडनमध्ये 1994 पासून मदतनिसाचा पगार सार्वजनिक निधीतून मिळतो, आणि मदतनीस कोण असावा हे अपंग मनुष्य स्वतः ठरवू शकतो. आपल्याकडे तो दिवस यावयाचा आहे. तोवर उरलेला भार शेजारधर्माने उचलावयास हवा. आठवड्यातून एक तास जरी कोणी त्या घरी जाऊन बसला, तरी त्या मातेस देवदर्शनास येता येईल.

मात्र जाताना प्रथम त्या अंथरुणावरील जीवास विचारावे, "तुला काय हवे?" सेवा करणाऱ्याच्या सोयीने नव्हे, सेव्याच्या इच्छेने चालते तीच खरी सेवा. पुंडलिकासाठी देव थांबला; आपणही त्या उत्तरासाठी क्षणभर थांबावे, एवढीच बुद्धी श्रीपांडुरंग आपणां सर्वांस देवो.