मीटरचा आकडा आणि आठवी आज्ञा



आपला प्रतापगडचा परिसर धानाचा. धान मोजताना कोणी काटा मारला तर आपण गप्प बसत नाही. पण जुनी गाडी विकताना मीटर मागे फिरवणे हेही काटा मारणेच आहे. नव्वद हजार किलोमीटर चाललेली गाडी चाळीस हजारांची म्हणून दिली, तर घेणारा कष्टाचा पैसा गमावतो. शिवाय ब्रेक, क्लच, टायर कधी बदलायचे याचा त्याचा हिशेब चुकतो. त्याच गाडीवर त्याची बायकामुले बसणार असतात.

कोणी म्हणेल, “फादर, मालकी बदलताना आरटीओच्या फॉर्म २९ आणि ३० मध्ये किलोमीटर विचारतच नाहीत.” खरे आहे. तेथे चेसिस आणि इंजिनचा नंबर लिहावा लागतो, मीटरसाठी रकाना नाही. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने विकणाऱ्यावर हा आकडा लिहून देण्याचे बंधन घातले. आपल्याकडे फॉर्म विचारत नसला, तरी फसवणूक हा गुन्हाच आहे. आणि सद्सद्विवेकबुद्धी तर विचारतेच.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिया’त हा प्रश्न घोड्याच्या उदाहरणाने सोडवला. घोड्याला एकच डोळा असेल तर ते घेणाऱ्याला दिसते. किंमत त्या मानाने कमी केली म्हणजे पुरे. परंतु जो दोष दिसत नाही आणि ज्यामुळे नुकसान किंवा धोका होऊ शकतो, तो विकणाऱ्याने स्वतःहून सांगितलाच पाहिजे. गाडी किती चालली, हे असेच न दिसणारे आहे. म्हणून खोटा आकडा दाखवून गप्प राहणे ही आठव्या आज्ञेविरुद्ध खोटी साक्ष, आणि त्यातून मिळालेला जास्तीचा पैसा ही सातव्या आज्ञेविरुद्ध चोरी.

तेव्हा गाडी विकताना एका कागदावर गाडीचा नंबर, मीटरचा आकडा आणि तारीख लिहा. दोघांनीही सही करा. सर्व्हिसिंगचे पुस्तक सोबत द्या. केबल तुटून मीटर काही महिने बंद होते किंवा नवे बसवले, तर तेही लिहा. घेणाऱ्यानेही हा कागद मागायला संकोच करू नये.

आणि ज्याच्या हातून हे आधीच घडले आहे, त्याने जक्कयाची आठवण करावी (लूक १९:८). त्याचा पश्चात्ताप केवळ शब्दांत राहिला नाही. ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याची त्याने तयारी दाखवली. पापनिवेदन केले म्हणून भरपाई टळत नाही. घेणारा बहुधा जवळच्याच गावचा असतो. त्याच्या घरी जा, खरे सांगा, फरकाचे पैसे द्या.

प्रभू आपल्या व्यवहारांना सत्याचा आशीर्वाद देवो.

आपला प्रभू येशूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू