भुऱ्याची घाटी

ताम्हिणीच्या वरच्या अंगाला एक धनगरवाडा होता. भाद्रपदात मुळशीच्या पाण्यावरून धुकं चढलं की तिथं दहा हातांवरची म्हैस दिसत नाही. त्यात कारवीचं रान. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही कारवी माणसाच्या डोक्यावर जाते, आणि कुत्रं आत शिरलं की शेपटीचं टोकही नजरेला पडत नाही.

एका संध्याकाळी म्हशी परतल्या, पण एक पारडू कमी भरलं. आबा नातवाला आणि दोन्ही कुत्र्यांना घेऊन निघाले. वाघ्या दांडगा आणि तोंडाळ. भुऱ्या मुलखाचा मुका, म्हणून त्याच्या गळ्यातल्या खिळ्यांच्या पट्ट्याला आबांनी पितळी घाटी बांधलेली. खिळे बिबट्यासाठी, घाटी मालकासाठी. (विलायतेतले पाखरांचे शिकारीही झाडोऱ्यात कुत्र्याचा माग राहावा म्हणून अशीच घंटी बांधत, आता तिकडे उपग्रहाशी बोलणारे पट्टे आलेत. आपल्याकडे कायद्यानं शिकार थांबली, ते बरंच झालं. पण रानातलं कुत्रं कानानं हुडकायची विद्या गुराख्याला आजही लागते.)

दोन्ही कुत्री कारवीत घुसली. थोड्या वेळानं डावीकडे वाघ्यानं रान डोक्यावर घेतलं. उजवीकडे भुऱ्याची घाटी वाजत होती, मग अडखळली, मग थांबली.

पोरगं वाघ्याकडं पळायला लागलं. आबांनी त्याचा दंड धरला. "तिकडं न्हाई, हिकडं."

"आबा, वाघ्याला घावलंय! आईकतोयस न्हवं?"

"आईकतोय. वरडतोय म्हंजे धड हाय. जो गप झाला त्याच्याकडं आदी जावं."

पोराचा चेहरा उतरला. "भुऱ्याला बिबट्यानं धरलं?"

"धरलं असतं तर घाटी झडझडली असती. ही हळूहळू थांबली. भुऱ्या हुबा राह्यलाय, आन् तो उगा हुबा राहत न्हाई."

आबा कोयत्यानं कारवी सारत आवाज थांबला त्या दिशेला सरळ चालत गेले. पुढं ओहोळ होता. दोन दगडांच्या बेचक्यात पारडाचा मागचा पाय अडकलेला, आणि ओरडून ओरडून त्याचा आवाज बसलेला. भुऱ्या पुढचा एक पाय उचलून, नाक त्याच्याकडं करून उभा होता. मालक दिसला तरी तो जागचा हलला नाही. आबांनी पाठीवर थाप मारली तेव्हा कुठं घाटी पुन्हा वाजली.

दगड सरकवून पाय सोडवला. आबांनी पारडू खांद्यावर घेतलं. वाघ्याचा दंगा अजून चालूच होता. वाटेत बघितलं तर तो उंबराखाली उभा राहून वरच्या वानरावर भुंकत होता, आणि वानर निवांत उंबरं खात होतं.

वाड्यावर आल्यावर पोरगं म्हणालं, "आबा, वाघ्यालाबी एक घाटी बांदू."

"त्याला कशाला?" आबा पारडाच्या पायाला हळद चोळत म्हणाले. "तो कुठं हाय ते समद्या मुळशीला ठावं असतंय."