पेपर कसा गेला, हे विचारण्याआधी



बोर्डाच्या परीक्षा आणि प्रायश्चित्तकाळ आपल्याकडे बहुधा एकत्रच येतात. या दिवसांत मत्तयकृत शुभवर्तमानाचा 25वा अध्याय घरी सर्वांनी मिळून वाचू या. धनी तीन चाकरांकडे पाच, दोन आणि एक अशा पैशाच्या ठेवी सोपवतो. पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा, दोघांनाही तो सारखीच शाबासकी देतो. त्यांची तुलना करत नाही. तिसरा मात्र धन्याला भितो आणि आपली ठेव जमिनीत पुरतो.

परीक्षेत चिठ्ठी नेणारे लेकरूही बहुधा असेच भ्यालेले असते. ते पेपराला जितके भिते, त्याहून जास्त आपल्याला भिते.

2010च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त अभियान राबवले. सुरुवातीला निकाल घसरले, पण मुलांची खरी तयारी किती आहे ते आपल्याला कळले. पुढे हा 'नांदेड पॅटर्न' राज्यभर गाजला. बंदोबस्ताने चिठ्ठी थांबते. मनातली भीती थांबवायला मात्र कोणीतरी जवळ बसावे लागते.

लातूर-नांदेडला नीट, जेईईच्या शिकवण्यांसाठी खेड्यापाड्यांतून मुले येऊन खोली करून राहतात. 2024 साली नीटमधील गैरप्रकाराच्या तपासात लातूरचेही नाव आले, तेव्हा आपल्या माना खाली गेल्या. गुणांचा हव्यास मोठ्यांचाच असेल, तर मुलांना दोष कसा द्यावा?

शाळेतील समुपदेशकाकडे मुलाला पाठवण्यात कमीपणा मानू नका. समुपदेशक त्याचे ऐकून घेतात. घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवणे, पुरेशी झोप, घाबरल्यास सावकाश श्वास घेणे, येणारा प्रश्न आधी लिहिणे, अशा साध्या गोष्टी शिकवतात. परीक्षेच्या काळात मंडळाचे समुपदेशकही फोनवर भेटतात. टेली मानसचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे. नापास झाले तरी वर्ष बुडतेच असे नाही. दहावीसाठी 2015 पासून त्याच वर्षी फेरपरीक्षा घेतली जाऊ लागली.

कुपर्टिनोचे संत जोसेफ अभ्यासात फार मागे होते. तरी ते धर्मगुरू झाले आणि आज परीक्षार्थी त्यांची मध्यस्थी मागतात. चमत्काराने पेपर सोपा जावा म्हणून नव्हे, तर धीर मिळावा म्हणून आपण ती मागू या.

ज्याच्या हातून कॉपी झाली असेल, त्याने न भिता पापनिवेदनाला यावे. आणि आपण पालकांनी एवढे करावे : मूल पेपर देऊन आले की आधी त्याला जेवायला वाढावे. पेपर कसा गेला, ते मग तेच सांगेल.

प्रभू येशू आपल्या सर्व लेकरांना धीर व सचोटी देवो. आमेन.